संशयाचा फायदा कोणाला?

फौजदारी खटल्यात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, हे तत्त्व सर्वसामान्य माणसालाही ठाऊक आहे. खाणीत, दगडाच्या खडी केंद्रावर किंवा सूतगिरणीत वीस-पंचवीस वर्षे धूळ गिळल्यावर ज्याला एक जिना चढतानाही धाप लागते, असा कामगार नुकसानभरपाई मागू लागतो तेव्हा तो आरोपी नसतो, अर्जदार असतो. आणि पुराव्यात जेथे जेथे संशयाला जागा उरते तेथे तेथे तो संशय त्याच्या विरुद्ध जातो. या संशयाचे उगमस्थान बहुधा एकच असते : त्याच्या छातीचे क्ष-किरण चित्र. चित्र खोटे बोलत नाही, असा समज आहे. परंतु चित्र आपण होऊन काहीच बोलत नाही. त्याच्या वतीने बोलतो तो ते वाचणारा डॉक्टर. त्या डॉक्टरची नेमणूक कोणी केली, त्याचे शुल्क कोणी दिले आणि मतभेद झाल्यास शेवटचा शब्द कोणाचा, हे प्रश्न वैद्यकाच्या पुस्तकात सुटणारे नाहीत. ते अर्थकारणाचे आणि सत्तेचे प्रश्न आहेत, आणि म्हणूनच ते कामगार चळवळीचेही आहेत.

प्रथम चित्राचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. सिलिका, कोळसा किंवा ॲस्बेस्टॉस यांची सूक्ष्म धूळ श्वासावाटे फुप्फुसात खोलवर जाऊन बसते. तिच्याभोवतीचा मऊ भाग हळूहळू कठीण होत जातो आणि चित्रात बारीक ठिपके किंवा रेषा उमटू लागतात. फुप्फुसाला जाडी आहे, खोली आहे. चित्र ही त्याची सपाट पडछाया. बरगड्या, रक्तवाहिन्या आणि रोगाच्या खुणा त्यात एकमेकींवर पडतात. चित्र जास्त काळे उतरले तर बारीक ठिपके त्यात बुडून जातात. फिके उतरले तर नसलेले ठिपके असल्यासारखे भासतात. छायाचित्र काढताना कामगाराने श्वास पुरता आत घेतला नसेल, तरी असाच घोटाळा होतो. त्यात क्षयरोगासारख्या इतर विकारांच्या छायाही पुष्कळदा अशाच दिसतात.

या अडचणीवर उपाय म्हणून आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९५० साली एक वर्गीकरण तयार केले आणि पुढे ते अनेकदा सुधारले. ठिपक्यांच्या दाटीप्रमाणे ०, १, २ व ३ अशा चार मुख्य श्रेणी आणि प्रत्येकीचे तीन पोटभाग, अशी ही बारा पायऱ्यांची शिडी आहे. डॉक्टरने समोरचे चित्र संघटनेच्या नमुनाचित्रांशी ताडून पाहायचे आणि दोन आकडे लिहायचे. पहिला आकडा त्याच्या निर्णयाचा. दुसरा त्याने गांभीर्याने विचारात घेतलेल्या पर्यायाचा. ‘१/०’ याचा अर्थ, खुणा आहेत असे ठरविले, पण नसाव्यात असेही वाटून गेले. ‘०/१’ याचा अर्थ, नाहीत असे ठरविले, पण असाव्यात असेही वाटून गेले. या दोन नोंदींतील अंतर केसाएवढे आहे. अमेरिकेतील खाणकामगारांच्या भरपाईत मात्र आजार ‘आहे’ आणि ‘नाही’ यांची सीमारेषा नेमकी याच दोन नोंदींमधून जाते. हे वर्गीकरण रोगाचा अभ्यास करण्यासाठी आहे, भरपाईची कायदेशीर व्याख्या करण्यासाठी नव्हे, असे खुद्द श्रम संघटनेने आपल्या मार्गदर्शिकेत बजावले आहे. विज्ञानाने अभ्यासासाठी घडविलेली मोजपट्टी न्यायालयाने पैशाच्या तराजूत टाकली, की तिच्या प्रत्येक रेघेला बाजारभाव येतो.

वाचणाऱ्या डॉक्टरांच्या डोळ्यांत किती फरक पडतो, याचा शास्त्रशुद्ध शोध पाऊणशे वर्षांपूर्वीच लागला. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९४५ साली दक्षिण वेल्समध्ये, कार्डिफजवळ, कोळसा कामगारांच्या फुप्फुसविकारावर संशोधन करणारे पथक स्थापन केले. त्याचे पहिले संचालक डॉ. चार्ल्स फ्लेचर आणि संख्याशास्त्रज्ञ ओल्डहॅम यांनी १९४९ साली आपल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अनुभवी डॉक्टरांना तीच चित्रे दाखविली असता त्यांच्यात मतभेद झाले, ही एक गोष्ट. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की, काही काळाने तेच चित्र पुन्हा समोर ठेवले असता तोच डॉक्टर आपल्याच पूर्वीच्या मताशी सहमत होईल, याची खात्री नव्हती. अमेरिकेत १९४७ साली क्षयरोगाच्या चित्रांवर झालेल्या प्रयोगातूनही हेच निघाले होते.

हे प्रयोग करणाऱ्यांनी त्यातून डॉक्टरांची निंदा काढली नाही; पद्धत काढली. नमुनाचित्रे वापरावीत, प्रत्येक चित्र एकाहून अधिक जणांनी स्वतंत्रपणे वाचावे, वाचताना कामगाराची माहिती झाकून ठेवावी, ही शिस्त तेथून रूढ झाली. याच वेल्सच्या पथकात आर्ची कॉक्रेन यांनी पुढे खाणकामगारांच्या वस्त्यांमध्ये केलेले काम सर्वश्रुत आहे.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला परिचित असलेला एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. चूक दोन प्रकारची असते. एक इतस्ततः होणारी. ती कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला पडते, आणि अनेक वाचनांची सरासरी काढली असता बरीचशी विरून जाते. दुसरी एकाच दिशेने झुकलेली. ती सरासरीने विरत नाही, उलट प्रत्येक वाचनागणिक साचत जाते. वेल्सच्या प्रयोगात उघड झाली ती मुख्यतः पहिल्या प्रकारची, प्रामाणिक डोळ्याची चूक. दुसऱ्या प्रकारची चूक हितसंबंधातून जन्मते. तिचे दुर्दैवी वैशिष्ट्य असे की ती पहिलीच्या आड सहज लपते. तज्ज्ञांत मतभेद असतातच, एवढे म्हटले की काम भागते.

ती कशी वाढते, हे पाहायचे तर अमेरिकेतील कोळसा खाणींचा इतिहास पाहावा. नोव्हेंबर १९६८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील फार्मिंग्टन येथे खाणीत स्फोट होऊन ७८ कामगार मेले. त्यानंतर तीन महिन्यांतच, फेब्रुवारी १९६९ मध्ये, त्या राज्यातील सुमारे ४०,000 खाणकामगारांनी ‘काळ्या फुप्फुसा’च्या प्रश्नावर संप पुकारला आणि राज्याला भरपाईचा कायदा करायला लावला. त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्रीय कायदाही झाला. कायदा झाला, परंतु अर्ज धडाधड फेटाळले जाऊ लागले. कारण चित्रात काही दिसत नाही! ज्यांना चार पावले टाकवत नाहीत अशा कामगारांच्या रक्तातील प्राणवायू परिश्रमानंतर मोजून, चित्र फारसे बिघडलेले नसतानाही श्वसनशक्ती खचलेली असू शकते, असे डॉ. डोनाल्ड रासमुसेन सांगत होते. संघटित कामगारांच्या दडपणाखाली १९७२ साली कायदा दुरुस्त झाला : केवळ क्ष-किरण चित्र निर्दोष आहे एवढ्या कारणावरून कोणाचाही अर्ज फेटाळता येणार नाही. कामगाराच्या बाजूने वाचलेले चित्र सरकारने आपल्या डॉक्टरांकडून पुन्हा वाचून घेऊन उलटवू नये, असे बंधन १९७७ च्या सुधारणा कायद्याने घातले. १९८१ साली रीगन प्रशासनाच्या काळात ते बंधन उठविण्यात आले. डोळे तेच, चित्रेही तीच. कायद्याची बाजू पालटली तशी भरपाई मिळणाऱ्यांची संख्या पालटली.

या इतिहासातील सर्वांत बोलका टप्पा १९९४ चा. तोवर अमेरिकेच्या श्रम खात्यात ‘खऱ्या संशया’चा नियम चालत असे. दोन्ही बाजूंचा पुरावा तंतोतंत समतोल ठरला तर निकाल कामगाराच्या बाजूने द्यावा, असा तो नियम. जून १९९४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो रद्दबातल ठरविला. सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर आहे. तराजू समतोल राहिला तर अर्जदार हरला, असा त्या निर्णयाचा आशय होता. कायद्याच्या भाषेत हा तर्क निर्दोष असेल. पण तराजू समतोल ठेवायला लागते किती? कामगाराचा डॉक्टर ‘आहे’ म्हणतो. कंपनीने ‘नाही’ म्हणणारा एक डॉक्टर उभा केला की पुरे. कंपनीला काही सिद्ध करावे लागत नाही. केवळ संशय निर्माण करावा लागतो. आणि संशय ही बाजारात विकत मिळणारी वस्तू आहे. ज्याची थैली मोठी, त्याच्याकडे वाचनांचा ढीग मोठा. ही विषमता इतकी उघडी पडली की २००१ पासून अमल आलेल्या नियमांनी प्रत्येक पक्षाला किती वाचने मांडता येतील, यावर मर्यादा घालावी लागली.

संख्येला आळा बसला, तरी नावाच्या वजनाला बसला नाही. जगद्विख्यात जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय संस्थेतील एक विभाग कोळसा कंपन्यांसाठी अशी चित्रे वाचून देत असे. शोधपत्रकारांनी २०१३ साली त्या विभागाच्या प्रमुख डॉक्टरची वाचने तपासली. २००० सालापासूनच्या दीड हजारांहून अधिक प्रकरणांत त्यांना या रोगाचे तीव्र स्वरूप एकदाही आढळले नव्हते. शंभरांहून अधिक प्रकरणांत फुप्फुसाचा तुकडा काढून केलेल्या तपासणीने किंवा शवविच्छेदनाने रोग सिद्ध झाला होता. तरीही चित्रात त्यांना दिसली ती दुसऱ्याच कोणत्या आजाराची छाया. वृत्तान्त प्रसिद्ध होताच संस्थेने ते काम थांबविले आणि २०१५ साली कायमचे बंद केले. त्या अवधीत ज्यांचे अर्ज फेटाळले गेले त्यांतील किती कामगार निकाल बदलण्याची वाट पाहायला जिवंत राहिले असतील, याचा विचार वाचकांनीच करावा. तो डॉक्टर लाच घेऊन खोटे बोलत होता, असे मानण्याचे कारण नाही. त्याची आपल्या मतावर श्रद्धाच असेल. परंतु कोणत्या श्रद्धेच्या डॉक्टरकडे वर्षानुवर्षे काम जावे, हे कंपन्या ठरवीत होत्या. बाजार माणसाला खोटे बोलायला लावतोच असे नाही. सोयीचे खरे मानणारा माणूस तो निवडून काढतो.

एवढे सांगून थांबणे चळवळीला सोयीचे होईल, पण प्रामाणिक होणार नाही. हाच रोग दुसऱ्या बाजूलाही जडला होता. अमेरिकेतील ॲस्बेस्टॉसच्या दाव्यांत वादींच्या वकिलांनी नेमलेल्या डॉक्टरांनी वाचलेली ४९२ चित्रे सहा स्वतंत्र तज्ज्ञांनी पुन्हा वाचल्याचा अहवाल २००४ साली प्रसिद्ध झाला. मूळच्या डॉक्टरांना सुमारे ९६ टक्के चित्रांत ‘१/०’ किंवा त्याहून अधिक खुणा दिसल्या होत्या. स्वतंत्र तज्ज्ञांना त्या साडेचार टक्क्यांच्या आसपास दिसल्या. हा खटाटोप प्रतिवादी पक्षाच्या पुढाकाराने झाला हे ध्यानात घेऊनही, एवढी मोठी तफावत प्रामाणिक मतभेदाने स्पष्ट होत नाही. पुढच्याच वर्षी टेक्सासमध्ये न्यायाधीश जॅनिस जॅक यांच्यासमोर सिलिकोसिसचे सुमारे दहा हजार दावे आले. त्यांतील नऊ हजारांहून अधिक निदाने अवघ्या बारा डॉक्टरांनी केली होती, आणि निम्म्याहून अधिक दावेदारांनी त्यापूर्वी ॲस्बेस्टॉसचेही दावे गुदरले होते. ही निदाने पैशासाठी तयार केलेली आहेत, असे कडक ताशेरे न्यायाधीशांनी ओढले. त्यात लाभ झाला असता तो दाव्यामागे हिस्सा घेणाऱ्या वकिलांचा. नुकसान झाले ते खरोखर सिलिकोसिसने ग्रासलेल्या कामगारांचे. कारण त्यानंतर त्यांच्याही चित्राकडे न्यायालये संशयाने पाहू लागली. खोटे निदान कामगाराच्या नावाने केले म्हणून ते कामगारहिताचे ठरत नाही.

दोन्ही बाजूंचे हे अनुभव एकत्र ठेवले की निष्कर्ष एकच निघतो. नुसते अधिक चांगले डोळे शोधून हा प्रश्न सुटणार नाही. अमेरिकेत १९७४ पासून असे वाचन करणाऱ्या डॉक्टरांची परीक्षा घेतली जाते व त्यांना प्रमाणपत्र दिले जाते. वर सांगितलेल्या गैरप्रकारांत दोन्ही बाजूंना असे प्रमाणपत्रधारी होते! परीक्षेने डोळ्याची कसोटी लागते. हितसंबंधाची लागत नाही. डॉक्टर आणि पैसे देणारा पक्ष यांच्यामधला थेट धागा तोडल्यावाचून वाचनातला कल जाणार नाही.

भारतात हा प्रश्न आणखी अलीकडच्या पायरीवर अडलेला आहे. येथे वाद होण्याइतकी चित्रेच काढली जात नाहीत, आणि काढली तर ती भलत्याच नावाने वाचली जातात. मध्य प्रदेशातील मंदसौरच्या पाटीवरच्या पेन्सिली बनविणाऱ्या कामगारांची पाहणी अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने केली. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निम्म्याहून अधिक कामगारांना सिलिकोसिस असल्याचे आढळले. जेथे कोणी पाहायला गेले तेथे हा आकडा निघाला. जेथे गेलेच नाही तेथे सरकारी नोंदीत रोग नाही. त्याच राज्यातील अलिराजपूर-झाबुआ भागातील आदिवासी गुजरातमधील गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत कामाला गेले आणि खंगून मेले. त्यांच्या कामाचे कागद कोणाकडे नव्हते. अखेर २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये गुजरात सरकारला दिला. तोवर वर्षे गेली होती, आणि ज्यांच्या छातीचा हा प्रश्न होता ती माणसे गेली होती.

आपल्याकडील दवाखान्यात खोकणारा, वजन घटलेला गरीब मजूर आला आणि त्याच्या चित्रात वरच्या भागात छाया दिसली की ‘क्षय’ हा शब्द सहज लिहिला जातो. त्यात डॉक्टरचा दुष्टावा नसतो. त्याच्या अनुभवात क्षयाचे रोगी शेकड्यांनी असतात आणि सिलिकोसिस त्याने पुस्तकातच वाचलेला असतो. शिवाय सिलिकोसिस झालेल्याला क्षय जडण्याचा धोका अधिक, त्यामुळे दोन्ही एकत्रही असू शकतात. परंतु या एका शब्दाचे आर्थिक परिणाम पाहावेत. क्षय म्हटले की रोग जंतूचा झाला, झोपडीचा झाला, उपासमारीचा झाला. मालक त्यातून सुटला. सिलिकोसिस म्हटले की तो कामाचा रोग झाला आणि भरपाईचा हक्क उभा राहिला. ‘तुम्ही काय काम करीत होता?’ हा एक प्रश्न विचारला असता तर पुष्कळ निदाने बदलली असती. केसपेपरवर त्या प्रश्नासाठी रकानाच नसतो!

मुंबईच्या गिरणी कामगारांचा अनुभव या चर्चेला दुसऱ्या टोकाने पूर्ण करतो. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा रोग क्ष-किरण चित्रात सहसा दिसतच नाही. आठवड्याच्या सुटीनंतर कामावर रुजू झालेल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होणे ही त्याची खूण. ती कामगाराच्या तोंडून ऐकावी लागते आणि पाळीच्या आधी व नंतर फुंकर मोजून तपासावी लागते. चित्र निर्दोष म्हणजे कामगार निरोगी, हा हिशेब ब्लो-रूम आणि कार्डिंग खात्यांतील माणसांच्या बाबतीत आरंभापासूनच चुकीचा होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद झाल्या, कामगार पांगले, आणि कोणी कोणत्या खात्यात किती वर्षे काम केले याचा पुरावाही त्यांच्याबरोबर पांगला.

आता संगणकाने चित्र वाचण्याचे युग आले आहे. यंत्राला मालक नसतो, म्हणून ते निःपक्षपाती, असे सांगण्यात येते. यंत्राला मालक असतो. शिवाय त्याला शिकविणारेही असतात. ज्या चित्रांवर माणसांनी पूर्वी जी नावे लिहिली, तीच यंत्र गिरवते. क्षय हुडकण्यासाठी शिकविलेल्या यंत्रासमोर दगडफोड्याची छाती धरली तर त्याने क्षयच सांगितला, यात नवल कसले? तीच जुनी चूक मग आकड्यांचा अंगरखा घालून येईल आणि तिच्याशी वाद घालणे अधिक अवघड होईल.

यावर मागण्या कोणत्या? चित्र वाचणाऱ्या डॉक्टरांचे मंडळ मालक व वकील या दोघांपासूनही स्वतंत्र असावे आणि त्याचा खर्च सर्व उद्योगांवर बसविलेल्या उपकरातून व्हावा. चित्र कोणाचे, कोणत्या पक्षाकडून आले, हे वाचणाऱ्याला कळू नये; दोघांनी स्वतंत्रपणे वाचावे, मतभेद झाल्यास तिसऱ्याने; आणि धुळीशी संबंध न आलेल्या माणसांची चित्रे मध्येमध्ये मिसळून वाचन तपासले जावे. प्रत्येक डॉक्टरच्या वाचनांपैकी किती होकारार्थी आणि किती नकारार्थी, हे दरवर्षी जाहीर व्हावे. दीड हजारांत एकही नाही, हा आकडा पत्रकारांनी खणून काढेपर्यंत दडून राहता कामा नये. केवळ निर्दोष चित्रावरून भरपाई नाकारता येऊ नये. कामाचा इतिहास आणि श्वसनशक्तीची तपासणी यांना समान स्थान असावे. आणि या साऱ्यानंतरही संशय उरला, तर त्याचा फायदा धूळ गिळणाऱ्याला मिळावा, असे कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहावे. १९४८ च्या कारखाना कायद्यातील अधिसूचित रोगांची यादी २०२० च्या संहितेत उचलून ठेवली म्हणजे कर्तव्य संपले, असे सरकारने समजू नये. यादीतील रोग ओळखणार कोण आणि कोणाच्या पैशाने, हे सांगितल्याखेरीज यादीला अर्थ नाही. खाणकामगारांच्या आरोग्यासाठी नागपुरात असलेली राष्ट्रीय संस्था अहमदाबादच्या संस्थेत विलीन करण्याचा निर्णय २०१९ साली झाला. विदर्भाच्या कोळसापट्ट्यातील संघटनांनी तेथील तपासणीची सोय कमी तर होत नाही ना, यावर लक्ष ठेवले पाहिजे.

सरकारची वाट न पाहताही करण्यासारखे काम पुष्कळ आहे. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये आदेश दिला की आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून चाळीस वर्षे किंवा काम सुटल्यावर पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोवर जपाव्यात. धुळीचे रोग काम सुटल्यावरही वाढत जातात, ही जाणीव त्या आदेशामागे आहे. कार्यकर्त्यांनी प्रत्येक सभासदाच्या चित्राची प्रत, ते काढल्याची तारीख, वाचणाऱ्याचे नाव आणि कामाच्या खात्यांचा इतिहास युनियनच्या कचेरीत ठेवावा. दहा वर्षांच्या अंतराने काढलेली एकाच छातीची दोन चित्रे शेजारी ठेवली, तर एका चित्रावर माजणारा निम्मा वाद तेथेच मिटतो.

आणि सरतेशेवटी, चित्राचा वाद हा पराभवानंतरचा वाद आहे, याचे भान सुटता कामा नये. ठिपका दिसला की नाही यावर दोन तज्ज्ञ भांडत असतात, तेव्हा धूळ केव्हाच आत गेलेली असते, आणि सिलिकोसिसवर उतारा नाही. पाण्याचा फवारा, धूळ शोषणारे यंत्र, बंदिस्त गिरणी आणि हवेतील धुळीचे नियमित मोजमाप यांवर मालकाने करावयाचा खर्च टळतो, तो कामगाराच्या फुप्फुसावर नावे पडतो. चुकीच्या ‘नाही’ची किंमत एक कुटुंब आयुष्यभर मोजते, चुकीच्या ‘आहे’ची किंमत एक निधी मोजतो. या दोन चुका समान आहेत असे मानणारा तराजू समतोल दिसत असला, तरी तो न्यायाचा तराजू नव्हे.